शाळेच्या मैदानापासून व्यावसायिक फुटबॉलपर्यंत

भातकापणी आटोपली की गोमंतकातील मोकळ्या शेतांत गोलखांब उभे राहतात आणि सायंकाळ होताच गावची मुले तेथे जमू लागतात. सन १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी शिवोली येथे फुटबॉलची ओळख करून दिली, असे मानले जाते. तेव्हापासून हा खेळ येथील लोकजीवनाचा भाग बनला आहे. साहजिकच, या खेळावर पुढे उपजीविका करता येईल काय, असा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांच्या आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांच्या मनात येतो. करता येईल, परंतु ती संधी थोड्यांनाच लाभते. म्हणून या वाटेची नीट माहिती आरंभीच करून घेणे हिताचे ठरते.

व्यावसायिक खेळाडू कोण?

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजेच ‘फिफा’च्या नियमानुसार, ज्याचा क्लबशी लेखी करार झालेला आहे आणि ज्याला खेळासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा अधिक मोबदला मिळतो, तो व्यावसायिक खेळाडू होय. इतर सर्व खेळाडू हौशी गणले जातात. प्रवासखर्च, बूट किंवा सामन्यामागे मिळणारी बक्षिसी यांमुळे कोणी व्यावसायिक ठरत नाही. हा भेद पालकांनी ध्यानात ठेवला, तर पुष्कळसा गैरसमज टळेल.

पाया कसा घालावा?

लहान वयात सामने जिंकण्यापेक्षा चेंडूवर हुकमत मिळविणे अधिक महत्त्वाचे असते. दोन्ही पायांनी चेंडू अडविणे, तो अचूक देणे आणि चेंडू येण्यापूर्वीच मान वर करून सभोवार पाहणे, या सवयी रोजच्या सरावानेच अंगी बाणतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या चेंडूने खेळविणे योग्य नव्हे. त्यांच्यासाठी लहान आकाराचा चेंडू आणि लहान मैदान असावे, म्हणजे प्रत्येकाच्या पायाशी चेंडू अधिक वेळा येतो.

चौदा वर्षे व त्यांवरील खेळाडूंसाठी फिफाने सुमारे २० मिनिटांचा पूर्वव्यायामाचा क्रम तयार केला आहे. धावणे, स्नायूंची ताकद व तोल साधणे आणि दिशा बदलत वेगाने धावणे हे त्याचे भाग आहेत. हा क्रम नियमितपणे पाळल्यास गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती लक्षणीयरीत्या घटतात, असे आढळून आले आहे. त्याला कोणतेही महागडे साहित्य लागत नाही. त्यामुळे खेड्यातील शाळेतही शिक्षकांना तो सहज सुरू करता येईल. जोडीला पोटभर घरचे अन्न आणि किमान आठ तासांची झोप हवीच.

स्पर्धांची शिडी

शाळेचा संघ ही पहिली पायरी होय. १९६० साली सुरू झालेली सुब्रतो चषक स्पर्धा शालेय संघांना राष्ट्रीय पातळीवर खेळण्याची संधी देते आणि तीत मुलींसाठीही स्वतंत्र गट आहे. शाळेबरोबरच गावच्या क्लबात किंवा प्रशिक्षण केंद्रात नाव नोंदवावे. १९५९ साली स्थापन झालेल्या गोवा फुटबॉल संघटनेच्या विविध वयोगटांच्या व श्रेणींच्या स्पर्धांतून खेळाडू मोठ्या क्लबांच्या नजरेस येतात. गावोगावच्या आंतरग्राम स्पर्धांत मौज असली, तरी पुढील निवडीसाठी अधिकृत नोंदणीचेच सामने उपयोगी पडतात.

ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर राज्याच्या संघातून राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले आणि भारताचे कर्णधार झाले. या गोलरक्षकास १९९७ साली अर्जुन पुरस्कार व २०२२ साली पद्मश्री प्राप्त झाली. दीर्घकाळ टिकून राहण्याची चिकाटी ही अशा खेळाडूंची खरी पुंजी असते.

कागदपत्रांचे महत्त्व

जन्मदाखला खरा असावा. वय कमी दाखविल्याने एखादी स्पर्धा पदरात पडेल. परंतु युवा स्पर्धांत मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून वय पडताळण्याची पद्धत आहे, आणि लबाडी उघडकीस आली की मुलावर बंदी येऊ शकते. त्या चुकीची शिक्षा मोठ्यांना नव्हे, मुलाला भोगावी लागते.

गावच्या क्लबांनीही खेळाडूंची नोंद नीट ठेवावी. व्यावसायिक खेळाडू मोबदला घेऊन एका देशातील क्लबातून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर त्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत शिकविणाऱ्या क्लबांत वाटून देण्याचा फिफाचा नियम आहे. नोंद नसेल, तर या हिश्श्यावर हक्क सांगणे अशक्य होते.

सही करण्यापूर्वी

अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करार फिफाच्या नियमांत बसत नाही. तसेच अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी परदेशी क्लबात नोंदणी करण्यास, मोजके अपवाद वगळता, मनाई आहे. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला परदेशात खेळविण्याचे आश्वासन देऊन कोणी आगाऊ पैसे मागू लागला, तर पालकांनी तत्काळ सावध व्हावे आणि संघटनेकडे चौकशी करावी. कराराचा प्रत्येक पानावरील मजकूर समजून घ्यावा. वेतन, मुदत, दुखापतीच्या काळातील उपचार व पगार या बाबी लेखी असाव्यात आणि कराराची एक प्रत घरी राहावी.

शिक्षण सोडू नये

क्लबांचे भवितव्य खेळाडूच्या हाती नसते. २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे नामांकित क्लब लीगच्या नियोजित पुनर्रचनेशी मतभेद झाल्याने ‘आय-लीग’मधून बाहेर पडले. यांपैकी दोन क्लबांनी यापूर्वी ती स्पर्धा जिंकलेली होती. मैदानावर कोणतीही चूक न करता खेळाडूंना नवा क्लब शोधण्याची पाळी अशी अकस्मात येऊ शकते. शिवाय गुडघ्याची एखादी दुखापत वर्ष वाया घालविते, आणि बहुतेकांची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते.

ज्याने शिक्षण पूर्ण केले आहे, त्याला अशा वेळी प्रशिक्षक, पंच, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक वा भौतिकोपचारतज्ज्ञ होण्याचे मार्ग मोकळे राहतात. प्रशिक्षकाच्या परवान्यासाठीही अभ्यास करावाच लागतो. सबब, सरावाची वेळ आणि अभ्यासाची वेळ या दोहोंचे वेळापत्रक पालक व शिक्षकांनी एकत्र बसून आखून द्यावे. परीक्षेच्या दिवसांत सराव थोडा कमी करावा, पूर्ण बंद करू नये. आणि स्पर्धेच्या दिवसांत बुडालेला अभ्यास शाळेने भरून काढून द्यावा. एवढे झाले, तर मुलगा वा मुलगी मोठ्या क्लबात पोहोचो अथवा न पोहोचो, मैदानावर घालविलेली वर्षे वाया गेली असे म्हणण्याची वेळ कोणावर येणार नाही.