खाल्लेलं जातं कुठं?

एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवून एक भाऊ सडपातळ राहतो आणि दुसऱ्याच्या अंगाला सगळं लागतं. बोरगाव-निपाणी भागात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. अंगानं भरलेल्या भावावर आळशीपणाचा ठपकाही ठरलेला. या ठपक्यात तथ्य किती, हे तपासण्याचं काम अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, केंट स्टेट विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेनं केलं आहे. कोलीन नोव्हाक आणि त्यांचे विद्यार्थी एकाच प्रश्नाच्या मागे लागले: स्नायूंनी किती ऊर्जा खर्च करायची, हे मेंदू कसं ठरवतो?

या प्रश्नाचं मूळ अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या वैद्यकीय संस्थेत आहे. तिथं १९९९ साली जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाची चरबी जेमतेम ०.३६ किलो वाढली, तर कुणाची ४.२३ किलो. फरक पडला तो मुख्यतः व्यायामाबाहेरच्या लहानसहान हालचालींमुळे: उठणं, बसणं, चुळबुळ. नोव्हाक यांनी लेव्हिन यांच्याबरोबर हाच विषय उंदरांमध्ये अभ्यासला आणि पुढं केंटला स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

तिथं कामी आले ते खास पैदाशीचे उंदीर. स्टीव्हन ब्रिटन आणि लॉरेन कॉख यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून दोन वाण तयार केले होते. एक उपजतच लांब पळणारा, दुसरा लवकर दमणारा. पहिला वाण सडपातळ. नोव्हाक यांच्या गटातल्या चैतन्य गाविनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की सडपातळ उंदीर नुसते जास्त हिंडत नाहीत. तेवढंच चालतानाही त्यांचे स्नायू जास्त तापतात. स्नायूंकडं जाणाऱ्या, शरीराला सावध करणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंचं कामही त्यांच्यात जोरात असतं.

मोजमाप कसं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. तांदळाच्या दाण्यासारखी बारीक चिप उंदराच्या पोटरीच्या स्नायूजवळ बसवतात. उंदीर ट्रेडमिलवर चालत असताना संशोधक बाहेरूनच तापमान टिपत जातात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या एका छोट्या केंद्रातले मेलॅनोकॉर्टिन ग्राहक (पेशींवरचे संदेश टिपणारे रेणू) औषधानं जागे केले, तर पोटरीतली उष्णता वाढते, असं याच गटानं २०१६ मध्ये मांडलं.

२०२० चा प्रयोग तर विलक्षणच. फेरेट हा उंदरांची शिकार करणारा प्राणी. त्याच्या वासाचा टॉवेल उंदराजवळ ठेवला आणि काही मिनिटांत स्नायू तापले. नुसत्या हालचालीनं एवढी वाढ झाली असती, असं म्हणता येत नाही. धोक्याचा वास नाकात शिरताच मेंदूनं स्नायूंना आधीच तयार केलं होतं.

स्नायूंच्या आत ही उष्णता तयार होण्याची एक वाट ओहायोतच उलगडली. ओहायो स्टेट विद्यापीठात मुथू पेरियासामी यांच्या गटातल्या नरेश बाल यांनी २०१२ मध्ये सार्कोलिपिन या इवल्या प्रथिनाचं काम दाखवलं. स्नायूपेशीतला कॅल्शियमचा पंप इंधन जाळतो; सार्कोलिपिनमुळे इंधन जळतं, पण कॅल्शियम त्या प्रमाणात सरकत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

आपल्या घरांच्या दृष्टीनं केंटचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष २०१७ चा आहे. उंदरांचा खुराक कमी केला तेव्हा स्नायूंकडं जाणारे मज्जातंतूंचे संदेश मंदावले आणि चालतानाची उष्णताही घटली. अन्न कमी पडतंय असं दिसताच शरीर खर्चाला आवर घालतं. पोट मारून काही किलो उतरवणाऱ्याचं वजन पुढं हटून का बसतं, याचं एक कारण इथं आहे.

हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत. त्यांवरून माणसासाठी गोळी लगेच निघणार नाही. चालणं, कष्ट, मोजकं जेवण यांचं महत्त्वही तसूभर कमी होत नाही. पण शरीराच्या वजनाचा मोठा वाटा स्नायूंचा, आणि त्यांच्या खर्चावर मेंदूचा हात. तो हात कुणाचा सैल, कुणाचा आवळलेला. त्यात माणसाच्या मर्जीला फारसा वाव नाही. म्हणून लठ्ठ माणसाला आळशी म्हणून हिणवणं थांबवायला हवं, घरात आणि दवाखान्यातही. त्याला उपचार हवेत आणि धीर हवा.