बेंजारोंगची वेल, गुळेदगुड्डचा खण

सातारा-सांगलीकडे ओटी भरायची तर तिकोनी घडीचा खण हवाच. दोन्ही कडांना काठ, अंगावर बारीक बुट्टे, आणि उजेडात धरला की ताण्या-बाण्याच्या दोन रंगांची धूपछाव. हा खण विणतात कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला. इरकल लुगडी येतात ती त्याच जिल्ह्यातल्या इळकलहून. जत तालुका ओलांडला की राज्य बदलते, नेसण्याची रीत बदलत नाही.

थायलंडच्या जुन्या भांड्यांवरची नक्षी आपल्याकडच्या बायकांच्या पेहरावात आणायची झाली, तर सुरुवात या खणापासूनच करावी.

बेंजारोंग ही सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, दरबारातली चिनी मातीची भांडी. नमुने सयामचे, घडण चीनमधली. काळा, पांढरा, तांबडा, पिवळा, हिरवा हे मुख्य रंग. सयामचा राजा दुसरा राम याच्या कारकिर्दीत (१८०९-१८२४) सोनेरी कामाला बहर आला. वाडग्याच्या ओठाशी एक पट्टी, बुडाशी दुसरी, मधे ज्वालेसारखी वळत जाणारी वेल आणि हात जोडून बसलेली देवता. काठ, अंग, पदर पाहत वाढलेल्या डोळ्याला ही मांडणी लगेच कळते.

थाई नक्षी कापडावर उतरवणे भारतीय हातांना नवेही नाही. १७व्या-१८व्या शतकांत सयामचा दरबार कोरोमंडल किनाऱ्यावरून आपल्या पसंतीचे रंगवलेले कापड मागवत असे. त्यावरही हीच ज्वाला, हीच देवता. पुढे गुजरातेत पेथापूरचे कारागीर सयामच्या बाजारासाठी लाकडी ठसे कोरू लागले. ती सौदागिरी छपाई.

खरी अडचण मागाची आहे. खणाचा बुट्टा जादा ताण्याच्या धाग्यांनी उठतो, त्यामुळे रेघ पायरी-पायरीने वळते. बेंजारोंगची वेल तिथे ओढूनताणून बसवली तर तिचा डौलच जातो. त्यापेक्षा सुखोथाईचा मासा घ्यावा. सुखोथाई आणि सी सच्चनालाईच्या भट्ट्यांत १४व्या ते १६व्या शतकांत भाजलेल्या कित्येक ताटल्यांच्या मध्यावर काळपट तपकिरी रेषेत एकच मासा दिसतो. मोजक्या रेषा, एकच रंग. चौकोनी बुट्ट्यात तो सहज मावेल. वेल हवीच असेल तर ती विणू नये. साध्या सुती कुडत्यावर ठशाने छापावी आणि खण बाह्यांना, गळ्याला लावावा. वाडग्याचा फोटो जसाच्या तसा डिजिटल प्रिंटमध्ये उतरवणे मात्र आळसाचे काम आहे.

चित्रातून नक्षी वेचण्याची दृष्टी सातारा-सांगलीकडे आहे. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक काढले आणि १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले. फॅशन डिझाइन शिकणाऱ्या सातारा-सांगलीच्या मुलींनी सुट्टीच्या दिवशी वही घेऊन तिथे बसावे, हात वळू द्यावा. मग आलेखाच्या कागदावर तो मासा काढून थेट गुळेदगुड्ड गाठावे आणि विणकरालाच विचारावे, किती धाग्यांत बसेल.