गाजरगवताशी लढाई फुलोऱ्याआधीचीच

अड्याळ (जि. भंडारा) - पवनी तालुक्यातील हा धानाचा परिसर. पावसाच्या पहिल्या सरी बरसल्या, की धुऱ्यांवर, पांदण रस्त्यांच्या कडेला आणि पडीक जागांत गाजराच्या पाल्यासारखी हिरवीगार रोपटी डोके वर काढतात. पाहता पाहता त्यांवर बारीक पांढरी फुले डोलू लागतात. गाजरगवत, काँग्रेस गवत, पांढरी फुली अशी त्यांची अनेक नावे. प्रत्यक्षात मात्र ही वनस्पती गवतही नाही आणि गाजराच्या कुळातीलही नाही. ती आहे सूर्यफुलाच्या कुळातील!

'पार्थेनियम' ही तिची प्रजाती मूळची अमेरिका खंडातील. या प्रजातीतील 'ग्वायुले' हे झुडूप उत्तर मेक्सिको व टेक्सासच्या वाळवंटात वाढते आणि त्यापासून रबर मिळते. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातील रबराचे मळे ताब्यात घेतल्यावर अमेरिकेने १९४२ मध्ये ग्वायुलेची मोठी लागवड हाती घेतली होती. त्याचेच भावंड असलेले गाजरगवत आपल्याकडे मात्र डोकेदुखी ठरले आहे.

हे तण अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले, असा सार्वत्रिक समज आहे. मात्र 'पीएल-४८०' कायद्याखालील गव्हाचा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यात ही वनस्पती १९५५ मध्येच आढळली होती. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. आयात धान्याने प्रसाराला हातभार लावला असेल. परंतु आगमनाचे सारे खापर त्या करारावर फोडता येत नाही.

तिच्या यशाचे रहस्य घाईत आहे. ओल मिळताच बी रुजते आणि साधारण महिनाभरात झाड फुलावर येते. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देऊ शकते. वारा, पाणी, वाहने व शेणखत यांमार्फत हलक्या बिया दूरवर पोहोचतात आणि मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. झाडातील 'पार्थेनिन' हे रसायन शेजारच्या रोपांची उगवण व वाढ रोखते. माणसांना त्याच्या स्पर्शाने त्वचेचा दाह होतो, तर परागकणांमुळे शिंका व दम्याचा त्रास उद्भवतो. चाऱ्यात ते मिसळले, तर दुधालाही कडवटपणा येतो.

यावर उपाय म्हणून १९८४ मध्ये मेक्सिकोतून 'झायगोग्रामा' हा भुंगा बंगळुरूत आणण्यात आला. भुंगे व त्यांच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. मात्र त्यांचा जोर पावसाळ्यापुरताच असतो. कोरड्या दिवसांत ते जमिनीत सुप्तावस्थेत जातात. दुसरा उपाय विदर्भाच्या ओळखीचा आहे. ज्याची कोवळी पाने आपण भाजीला वापरतो, तो तरोटा! मोकळ्या जागेत तरोट्याचे बी टाकल्यास तो दाट वाढून गाजरगवताला जागा उरू देत नाही.

जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. मात्र पहिल्या पावसाबरोबर उगवलेली झाडे तोवर फुलावर आलेली असतात. म्हणून रोपटी ओळखून फुलोऱ्यापूर्वीच, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे श्रेयस्कर. नुसती कापल्यास ती बुंध्यातून पुन्हा फुटतात. न फुललेल्या झाडांचे उत्तम कंपोस्ट होते. फुललेली झाडे खड्ड्यात टाकल्यास खताबरोबर बीही शेतात जाण्याचा धोका असतो.

आणि हे काम एकट्याचे नाही. एका शेतकऱ्याने धुरा स्वच्छ केला, पण शेजारची पांदण फुलत राहिली, तर पुढल्या पावसात त्याचे कष्ट मातीमोल होतात. शहरातील मोकळ्या भूखंडांनाही हाच न्याय लागू आहे.