मॉस्को आणि मेंढा

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवा. अगदी पूर्वेला, वैनगंगा नदीच्या दोन बाजूंना चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे दिसतील. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी हा सारा प्रदेश मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. गडचिरोलीची दोन तृतीयांशाहून अधिक जमीन जंगलाने व्यापलेली आहे. साग, मोह, तेंदू आणि बांबू ही या जंगलाची संपत्ती. गोंड आणि माडिया हे इथले जुने रहिवासी.

आता जगाचा नकाशा पाहा. रशियाची राजधानी मॉस्को इथून हजारो किलोमीटर दूर आहे. २५ डिसेंबर १९९१ च्या संध्याकाळी तिथल्या क्रेमलिन या राजवाड्यावरून सोव्हिएत संघाचा लाल झेंडा उतरवण्यात आला. जगातील सर्वात मोठी साम्यवादी सत्ता संपली. पण त्याच दिवसांत गडचिरोलीच्या जंगलात लाल झेंडा मानणारे तरुण खांद्यावर बंदूक घेऊन फिरत होते. मॉस्कोत उतरलेला झेंडा इथे का उतरला नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला जगाचा इतिहास कळेल आणि आपल्या जंगलाचाही.

प्रथम साम्यवाद म्हणजे काय ते पाहू. जमीन, कारखाने, खाणी या गोष्टी थोड्या श्रीमंतांच्या हाती नसाव्यात, त्या साऱ्या समाजाच्या असाव्यात, असा हा विचार आहे. १९१७ साली रशियात या विचाराच्या लोकांनी क्रांती केली. ज्याला तुम्ही इन्किलाब म्हणता, त्यालाच मराठीत क्रांती म्हणतात. मजुराला आणि गरीब शेतकऱ्याला न्याय मिळेल, ही त्या क्रांतीची आशा होती. जगभरातल्या अनेक चांगल्या माणसांना ती खरी वाटली.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. त्यानंतर जगात दोन महासत्ता उरल्या. एक अमेरिका आणि दुसरी सोव्हिएत संघ. दोघांकडे अणुबाँब होते. दोघांनी एकमेकांशी समोरासमोर युद्ध केले नाही, पण दोघांची शस्त्रे सतत रोखलेली होती. म्हणून या वैराला शीतयुद्ध म्हणतात. १९६२ मध्ये क्यूबा या बेटावरून अणुयुद्ध पेटते की काय, अशी वेळ आली होती.

भारताने कोणत्याही एका गटात जायचे नाही, असे ठरवले. तरीही सोव्हिएत संघाशी आपली मैत्री होती. गडचिरोलीच्या ईशान्येला, छत्तीसगडमध्ये, भिलाईचा पोलाद कारखाना आहे. तो सोव्हिएत मदतीने उभा राहिला आणि १९५९ मध्ये सुरू झाला. १९७१ मध्ये दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला. मॉस्कोत छापलेली स्वस्त आणि सुंदर पुस्तके मराठीत मिळत आणि उर्दूतही मिळत. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, एखाद्याला ती आठवतील.

मग एवढी मोठी सत्ता का कोसळली? बाहेरून ती पोलादासारखी दिसत होती, पण आतून पोकळ होत होती. शस्त्रांवर अमाप पैसा खर्च होत होता. दुकानांत मात्र रोजच्या वस्तूंसाठी लांब रांगा लागत. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. नऊ वर्षांहून अधिक काळ लढून, हजारो सैनिक गमावून, १९८९ च्या फेब्रुवारीत त्या परतल्या.

याहून मोठा दोष दुसरा होता. तिथे सर्व काही जनतेच्या नावाने चाले, पण जनतेला प्रश्न विचारण्याची परवानगी नव्हती. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्रात स्फोट झाला. विषारी किरणे दूरवर पसरली. सरकारने ही बातमी आपल्या देशातील लोकांना दोन दिवसांनी सांगितली, आणि तीही चार ओळींत! ज्या सत्तेला खरे ऐकण्याची सवय नसते, तिला स्वतःचा आजारही वेळेवर कळत नाही.

१९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह सोव्हिएत संघाचे नेते झाले. त्यांनी लोकांना बोलण्याची थोडी मोकळीक दिली आणि कारभार सुधारण्याचा प्रयत्न केला. परंतु धरणाला लहानशी भेग पडावी आणि सारे पाणी बाहेर यावे, तसे झाले. १९८९ मध्ये पोलंडच्या निवडणुकीत साम्यवादी पक्ष हरला. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिन शहराचे दोन तुकडे करणारी भिंत लोकांसाठी उघडली. पूर्व युरोपातील सरकारे एकामागून एक गेली. शेवटी १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचेच पंधरा देश झाले. समरकंद आणि बुखारा ही नावे तुम्ही ऐकली असतील. ती शहरे ज्या उझबेकिस्तानात आहेत, तो देश त्यांपैकीच एक. अशा रीतीने महासत्तांचे वैर संपले, आणि तेही दोघांमध्ये युद्ध न होता.

आता गडचिरोलीकडे परत येऊ. इथले बंदूकधारी मॉस्कोला मानणारे नव्हते. १९६७ मध्ये पश्चिम बंगालमधील नक्षलबारी गावात शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्यावरून त्यांना नक्षलवादी हे नाव पडले. चीनचे नेते माओ त्से तुंग हे त्यांचे आदर्श होते. सोव्हिएत संघ खऱ्या क्रांतीपासून दूर गेला आहे, असे ते आधीपासूनच म्हणत. १९८० मध्ये आंध्र प्रदेशात 'पीपल्स वॉर' हा गट स्थापन झाला. त्याच वर्षी या विचाराचे तरुण आंध्रातून नदी ओलांडून गडचिरोलीच्या जंगलात आले. त्यांची दोरी मॉस्कोला बांधलेली नव्हती. म्हणून मॉस्को पडले, तरी ते पडले नाहीत.

परंतु हे अर्धेच उत्तर झाले. परक्या प्रदेशातून आलेल्या या तरुणांना गावांनी जवळ का केले? याचे कारण जंगलातच सापडते.

इंग्रजांनी जंगलाचे कायदे केले आणि जंगल सरकारच्या मालकीचे ठरवले. १९२७ चा वन कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिले, तेच आता तिथे चोर ठरू लागले. घराच्या कुडासाठी बांबू तोडला, तर दंड होई. दुसरीकडे, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला सरकार याच जंगलातील बांबू देत होते. तुमच्या आजोबांच्या वहीचा कागद कदाचित त्याच बांबूचा असेल. उन्हाळ्यात बायका-मुले पहाटे उठून विडीसाठी तेंदूची पाने तोडत. दिवसभर राबून पाने मोजून पुडे बांधत. त्या पुड्याला ठेकेदार अगदी थोडे पैसे देई.

नक्षलवाद्यांनी ठेकेदारांना धाक दाखवला आणि तेंदूपानांचा दर वाढवून घेतला. लोकांना वाटले, आपली बाजू घेणारे कोणीतरी आले. पण जी बंदूक ठेकेदारावर रोखली होती, ती पुढे गावकऱ्यांवरही रोखली गेली. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून अनेक आदिवासींचे प्राण घेतले गेले. रस्ते आणि पूल रोखले गेले. रात्री नक्षलवाद्यांना भाकरी द्यावी, तर सकाळी पोलीस विचारणार. न द्यावी, तर रात्रीची भीती. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये गडचिरोलीच्या जंगलात झालेल्या चकमकींत ४० नक्षलवादी मेले. १ मे २०१९ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक ठार झाला. मेलेल्यांत दोन्ही बाजूंना आदिवासी घरांतली मुले होती.

मित्रांनो, याच जिल्ह्यात एका लहान गावाने वेगळी वाट धरली. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा हे गोंडांचे गाव लागते. लेखा हे गाव शेजारी असल्यामुळे त्याला मेंढा-लेखा असेही म्हणतात. घरे साधारण शंभर. १९८४ च्या सुमारास इथल्या नद्यांवर मोठी धरणे बांधण्याची योजना होती. त्यात पुष्कळ जंगल आणि गावे बुडणार होती. तेव्हा 'जंगल बचाव, मानव बचाव' हे आंदोलन झाले. बाबा आमटे त्यात होते. हातात शस्त्र न घेता केलेल्या या आंदोलनामुळे धरणे थांबली. मेंढ्याच्या लोकांनी त्यातून धडा घेतला.

त्यांनी ठरवले की, गावाचा निर्णय साऱ्या गावाने मिळून करायचा. बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने. एकाचेही मन तयार नसेल, तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. बायकांचे मतही पुरुषांइतकेच मोलाचे. गावाने अभ्यासगट सुरू केला. बाहेरच्या जाणकारांना बोलावून कायदा समजून घेतला. देवाजी तोफा हे या गावाचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती होते.

२००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे. तरीही एक अडचण उरली. तोडलेला बांबू विकण्यासाठी बाहेर नेण्याचा परवाना गावाला मिळेना. बांबू हे झाड की गवत, असा वाद चालला होता! गाव थकले नाही. अर्ज करीत राहिले, विचारीत राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले. परवाने देण्याचा अधिकार त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती आला. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील एक हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले.

२०१३ मध्ये मेंढ्याच्या लोकांनी आणखी एक पाऊल टाकले. ग्रामदान कायद्याखाली आपली खाजगी शेतीही त्यांनी ग्रामसभेच्या नावे केली. आता जरा विचार करा. जमीन आणि जंगल सर्वांचे, हेच तर मॉस्कोतही म्हटले जात होते. मग तिथे ती गोष्ट का कोसळली आणि इथे का उभी राहिली? मॉस्कोत मालकी सर्वांच्या नावाने होती, पण निर्णय मूठभर नेते घेत. जुन्या वन कायद्यातही जंगल जनतेचे म्हणत, पण हुकूम कचेरीतून निघे. नक्षलवादीही गरिबांचे नाव घेत, पण त्यांच्या बंदुकीला उलट प्रश्न विचारण्याची कोणाची हिंमत नव्हती. मेंढ्यात मात्र ज्यांचे जंगल, तेच निर्णय घेतात, आणि नाही म्हणणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकून घेतले जाते. फरक झेंड्याच्या रंगात नव्हता, तो इथे होता.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचे एक ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. क्रेमलिनवरचा झेंडा उतरल्याला तेव्हा जवळजवळ चौतीस वर्षे झाली होती. बंदुकीचा आवाज कमी झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण प्रश्न संपलेले नाहीत. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची मोठी खाण सुरू झाली आहे. तिथून खनिज भरलेले ट्रक रोज निघतात. त्या डोंगराविषयी भोवतालच्या गावांचे मत किती ऐकले जाते, हे पाहायला हवे. कारण जिथे माणसाला विचारले जात नाही, तिथे राग साठतो, आणि तो राग कधी ना कधी बंदूक शोधत जातो.