फ्रेम रेटचा ताप

शुक्रवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. आम्ही ११, समोरचे १२. मिराज मॅप, ए साइट, आणि मी कोपऱ्यात दबा धरून बसलेली. समोरून धुराचा गोळा येऊन फुटला आणि... माझा स्क्रीन जागच्या जागी थिजला! अर्धा सेकंद असेल-नसेल. चित्र हललं तेव्हा मी जमिनीवर आडवी झाले होते आणि हेडफोनमधून चौघं एकदम ओरडत होते, "अगं, समोरच होता ना तुझ्या!"

होता हो. पण मला दिसलाच नाही, त्याला मी काय करू?

हा गेम म्हणजे काउंटर-स्ट्राइक २. १९९९ साली 'हाफ-लाइफ'चं मॉड म्हणून जन्माला आलेलं काउंटर-स्ट्राइक आम्ही पाच जण कॉलेजात असताना सायबर कॅफेत खेळायचो, लेक्चर बुडवून. आता एक पुण्यात, एक बंगळुरूला, दोघं ठाण्यात आणि मी डोंबिवलीत. नोकऱ्या, लग्नं, बदल्या सगळं झालं, पण शुक्रवार सुटला नाही. सप्टेंबर २०२३मध्ये जुन्या सीएस:गोच्या जागी सीएस २ आलं. दिसायला एकदम झकास, पण मशीनकडून कामही जास्त मागणारं. तिथून माझ्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपने मान टाकायला सुरुवात केली.

त्या मॅचनंतर कॅप्टनचा मेसेज आला. "लॅपटॉप बदलतेस का? नाहीतर रविवारच्या टूर्नामेंटला या वेळी दुसरं कुणीतरी बघू. राग नको मानू."

राग? रडूच आलं मला. आठ वर्षांची मैत्री एका आकड्यावर येऊन अडली होती. आणि नवा गेमिंग लॅपटॉप म्हणजे ऐंशी-नव्वद हजार. फ्रीलान्सरचा चेक कधी येतो, हे ज्याला माहीत आहे तो ईएमआयचा फॉर्म भरताना दहा वेळा विचार करतो.

आता हा आकडा म्हणजे काय, ते सांगते. स्क्रीनवर सेकंदाला किती चित्रं बदलतात तो फ्रेम रेट. सेकंदाला ३० चित्रं असतील तर एक चित्र साधारण ३३ मिलीसेकंद डोळ्यांसमोर बसून राहतं. १४४ असतील तर जेमतेम ७. सिनेमा २४ चित्रांवर मजेत बघता येतो, कारण तिथे आपल्याला कुणी गोळी घालत नाही! शूटरमध्ये मात्र समोरचा कोपऱ्यातून बाहेर आलेला तुम्हाला उशिरा दिसतो आणि तुमचा क्लिकही उशिरा पोचतो. त्यातून सरासरी फसवी असते. माझी सरासरी चक्क ९० होती. पण धूर फुटला, ग्रेनेड पडला, की ३४. नेमक्या मरायच्या वेळी.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. यूट्यूब! "एफपीएस डबल करा" छाप व्हिडिओ बघून एक फुकटचं बूस्टर सॉफ्टवेअर उतरवलं. अँटिव्हायरस बोंबलला, तर व्हिडिओवाल्याने सांगितलं म्हणून अँटिव्हायरसच बंद केला. (हो, मास कॉमची डिग्री आहे माझ्याकडे.) फ्रेम रेट तसूभर वाढला नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या डिस्कॉर्डवरून अख्ख्या मित्रमंडळाला आणि एका संपादकांना संशयास्पद लिंक गेल्या. सगळे पासवर्ड बदलण्यात आणि माफ्या मागण्यात शनिवार गेला.

मग ग्राफिक्सचं प्रत्येक सेटिंग खाली आणलं, रिझोल्यूशन १२८० बाय ९६० केलं. दृश्य गरीब झालं, आकडा तिथेच. खरं तर हाच मोठा पुरावा होता, मला कळला नाही एवढंच. चित्र लहान करूनही वेग वाढत नसेल, तर सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नसतो. आजार दुसरीकडेच असतो.

शेवटी लॅपटॉप पाठीला लावला, ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर एका चिंचोळ्या दुकानात शिरले. काउंटरमागच्या काकांनी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला.

"गेम चालू केल्याबरोबर अडकतो, की थोड्या वेळाने?"

"थोड्या वेळाने. पहिली दहा मिनिटं मस्त चालतो."

"मग सेटिंग काय बघता मॅडम, ते तापतंय. ठेवता कुठे?"

"...गादीवर."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोळा कोंबून सर्व्हिसिंगला आणली आहे.

मागचं झाकण काढलं तेव्हा पंख्याच्या जाळीवर अक्षरशः धुळीची गोधडी! प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि धूर-स्फोटाच्या वेळी काम वाढलं की तो कमी वेग नेमका उघडा पडतो. काकांनी धूळ उडवली, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. मग टास्क मॅनेजर उघडून बोट ठेवलं. रॅमचे दोन स्लॉट, भरलेला एकच. ८ जीबीची एकच पट्टी. सीएस २ची किमान मागणीच ८ जीबी आहे, आणि माझ्याकडे शेजारी क्रोमच्या बावीस टॅब उघड्या असतात. शिवाय दोन पट्ट्या असल्या की मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात, एकावर ट्रॅफिक तुंबत नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅम महागली आहे, म्हणून काकांनी सेकंडहँड पट्टी शोधून दिली. सगळं मिळून नव्या लॅपटॉपच्या एका हप्त्यात बसलं.

निघताना म्हणाले, "स्क्रीन १४४ हर्ट्झचा आहे तुमचा. विंडोजमध्ये ६०वर ठेवलाय."

चार वर्षं! अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये एक ड्रॉपडाउन, बस्स. तुमचाही आज बघून घ्या. आणि ग्राफिक्सच्या पानावर गेमपुढे 'हाय परफॉर्मन्स' आहे ना, तेही. नाहीतर महागडं ग्राफिक्स कार्ड झोपा काढतं आणि प्रोसेसरमधलं बिचारं छोटं कार्ड गेम ओढत बसतं. चार्जर लावल्याशिवाय खेळू नका. व्ही-सिंक बंद ठेवा. सावल्या मात्र अगदी काढून टाकू नका, कोपऱ्यामागच्या माणसाची सावली त्याच्याआधी येते!

पुढचा शुक्रवार. लॅपटॉप टेबलावर, मागून दोन जाड दिवाळी अंकांनी उचललेला. आकडा ११० ते १३०च्या मध्ये, आणि दुसऱ्या हाफमध्येही तिथेच. पुन्हा मिराज, पुन्हा ए साइट. धूर फुटला. स्क्रीन हलला नाही. धुराच्या कडेने एक डोकं बाहेर आलं, इतकं स्वच्छ, इतकं सावकाश, की मला हसूच आलं. नेम धरला, गोळी झाडली.

चुकली.

हेडफोनमध्ये क्षणभर शांतता. मग कॅप्टनचा आवाज, "लॅपटॉप?"

"नाही रे," म्हटलं, "मीच."

रविवारी पाचवी मीच आहे.