बासष्टचे सव्वीस का होतात?

पहिली-दुसरीच्या वर्गात श्रुतलेखनाप्रमाणेच संख्यालेखनही घेतले जाते. बाई एकेक संख्या उच्चारतात आणि मुले ती पाटीवर किंवा वहीत लिहितात. 'बासष्ट' असे म्हटले की बऱ्याच पाट्यांवर ६२ उमटते आणि काही पाट्यांवर २६. प्राथमिक शिक्षकांना ही चूक इतकी परिचित असते की तिचे त्यांना आश्चर्य वाटत नाही. घरी वही उघडून पाहणाऱ्या पालकांची प्रतिक्रिया मात्र बहुधा ठरलेली असते : 'वर्गात लक्ष कुठे असते तुझे?' वास्तविक त्या मुलाचे लक्ष पूर्णपणे जागेवर असते. त्याने शब्द जसा ऐकला तसाच लिहिला. 'बासष्ट' या शब्दात दोनाचा निर्देश करणारा 'बा' आधी येतो आणि साठाचा 'सष्ट' नंतर. मुलाने आधी दोन लिहिले, नंतर सहा लिहिले. भाषेच्या दृष्टीने तो बरोबर आहे. गणिताच्या दृष्टीने चुकला आहे.

बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम यांतील ही तफावत दूर करण्याचे काम प्राथमिक वर्गात रोज, थोडे थोडे करून चालते. त्यासाठी काड्या मोजल्या जातात, मणी ओवले जातात, जमिनीवर खडूने चौकोन आखून त्यांवरून उड्या मारल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो आणि संध्याकाळी वही कोरी दिसली की 'आज काहीच शिकवले नाही' असा निष्कर्ष काढला जातो. या कोऱ्या वहीमागे नेमके काय घडलेले असते, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

नावांचे ओझे

मराठीतील संख्यानामे संस्कृतमधून प्राकृताच्या वाटेने आली. 'द्वाविंशति'पासून 'बावीस' झाले आणि एकक आधी, दशक नंतर हा मूळचा क्रम कायम राहिला. एवढीच अडचण असती तर ती लवकर सुटली असती. पण शतकानुशतकांच्या उच्चारात हे शब्द इतके झिजले आहेत की त्यांतील घटक सहजी ओळखू येत नाहीत. केवळ 'दोन' हा अंक घेतला तरी तो बावीसमध्ये 'बा', बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे' आणि ब्याऐंशीमध्ये 'ब्या' होतो. दशकांचेही तसेच. एकट्याने येताना 'सत्तर' असलेली संख्या एकाहत्तर, बाहत्तर यांत 'हत्तर' होते. पन्नाशीतील संख्या तर दोन तऱ्हांनी चालतात : एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न एका वळणाने, त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न दुसऱ्या वळणाने. अकरा ते अठरा या शब्दांत दहाचा मागमूसही मुलाला ऐकू येत नाही.

याशिवाय 'एकोण'ची गंमत वेगळीच. एकोणीस म्हणजे विसाला एक उणे. एकोणतीस, एकोणचाळीस अशी ही ओळ एकोणनव्वदपर्यंत चालते आणि शंभराच्या तोंडाशी आल्यावर नियम मोडून 'नव्याण्णव' होते. 'एकोणसाठ' ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर 'एक' आणि 'साठ' पडतात आणि त्याला लिहायचे असतात पाच आणि नऊ; म्हणजे ऐकू आलेल्यांपैकी एकही अंक लिहायच्या संख्येत नसतो! त्याने ६१ लिहिले तर त्यात नवल ते काय?

इंग्रजीत शंभरपर्यंतच्या सर्व संख्या वाचायला अठ्ठावीस शब्द पुरतात : एकोणीसपर्यंतचे एकोणीस, वीस ते नव्वद या दशकांचे आठ आणि शंभराचा एक. पुढचे सारे जोडकाम. मराठी मुलाला जवळजवळ शंभर नावे स्वतंत्रपणे आत्मसात करावी लागतात. हिंदी आणि गुजराती मुलांचीही हीच स्थिती आहे. दक्षिणेकडील भाषांत मात्र दशक आधी बोलले जाते. कन्नडमध्ये बासष्टला 'अरवत्तेरडु' म्हणतात. 'अरवत्तु' म्हणजे साठ आणि 'एरडु' म्हणजे दोन. तेलुगूतही 'अरवै रेंडु', म्हणजे साठ-दोन. सोलापूरसारख्या शहरात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा त्याला दोन उलटसुलट क्रम एकाच वेळी सांभाळावे लागतात. शहरी मराठी घरांत याचाच दुसरा नमुना दिसतो. इंग्रजी माध्यमात शिकणारी नात आजीने 'त्रेसष्ट रुपये दे' म्हटल्यावर 'म्हणजे किती?' असे विचारते. तिला पैसे मोजता येतात. शब्द तेवढा परका असतो.

काड्या, गठ्ठे आणि मणिमाळ

या अडचणीवर वर्गातील उपाय साधा आहे : नाव आणि अंक यांच्यामध्ये प्रत्यक्ष वस्तू आणायची. मुलांच्या गटाला मूठभर काड्या दिल्या जातात. मोजताना दहा काड्या झाल्या की त्यांना रबर लावून गठ्ठा करायचा. शेवटी सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या उरल्या की बाई विचारतात, 'गठ्ठे किती? सुट्या किती?' गठ्ठ्यांची संख्या डावीकडे, सुट्यांची उजवीकडे. मग त्या म्हणतात, 'याला आपण बासष्ट म्हणतो.' आता 'बासष्ट' हा शब्द ऐकल्यावर मुलाच्या डोळ्यांपुढे ध्वनीऐवजी सहा गठ्ठे आणि दोन काड्या उभ्या राहतात आणि २६ लिहिले तर ते चूक आहे हे त्याचे त्यालाच कळते.

याच तत्त्वावर शंभर मण्यांची माळ असते. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. माळेवर एकोणसाठ दाखवताना मुले साठपर्यंत जातात आणि एक मणी मागे येतात. 'एक उणे साठ' हा अर्थ बोटांना उमगतो. दहा, वीस, तीस असे लिहिलेली रुंद कार्डे आणि एक ते नऊची अरुंद कार्डे हे आणखी एक साधन. साठाच्या कार्डातील शून्यावर दोनाचे कार्ड ठेवले की ६२ दिसते. दोन उचलले की खाली शून्य आहेच. 'एकशे पाच' ऐकून १००५ लिहिणाऱ्या मुलाची चूक या कार्डांनी झटकन सुटते. शंभराच्या कार्डावर पाच ठेवल्यावर शेवटचे शून्य झाकले जाते, हे तो स्वतः पाहतो.

अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते आणि प्रत्येक स्थान आधीच्या दहापट असते, ही कल्पना आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीय'मध्ये सांगितली आहे. मानवजातीला जी कल्पना गवसायला हजारो वर्षे लागली, ती सहा-सात वर्षांच्या मुलाने एका आठवड्यात पचवावी अशी अपेक्षा बाळगताना थोडा धीर धरायला हवा.

हे शिक्षण गणिताच्या तासापुरतेही मर्यादित नसते. सकाळची हजेरी हे वजाबाकीचे उदाहरण असते : पटावर सदतीस, हजर एकतीस, मग गैरहजर किती? फळ्यावर तारीख लिहिताना काल कोणती आणि उद्या कोणती, हे विचारले जाते. भोजनाच्या सुट्टीत चारचारच्या पंगती बसल्या की चारचा पाढा आपोआप तयार होतो. जाणता शिक्षक अशा प्रसंगांचे सोने करतो.

वर्गातून विधानसभेपर्यंत

संख्यानामांचा हा प्रश्न २०१९ मध्ये एकदम चव्हाट्यावर आला. त्या वर्षीच्या 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन देण्यात आले होते. मराठीचा घात होत असल्याची टीका झाली, विनोदांना ऊत आला आणि विषय विधानसभेतही गाजला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी या बदलामागील भूमिका सांगितली होती. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावे मुलांना जड जातात, त्यामुळे गणिताविषयी भीती बसते; नवे वाचन हा पर्याय आहे, पारंपरिक नावे हद्दपार केलेली नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नारळीकर यांचे २०२३ मध्ये निधन झाले. त्या वादातील मूळ प्रश्न मात्र वर्गात आजही तसाच आहे.

असा प्रश्न पडलेले आपण एकटे नाही. जर्मनमध्येही एकवीस ते नव्याण्णव या संख्यांत एकक आधी बोलले जाते आणि तेथील लहान मुले संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल मोठ्या प्रमाणावर करतात, असे अभ्यासांत आढळले आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये अधिकृतपणे दशक आधी बोलण्याची पद्धत स्वीकारली. तरीही जुनी पद्धत बोलण्यातून पुरती गेली नाही. भाषा सरकारी आदेशाने बदलत नाही, हा त्यातील एक धडा. मुलाची अडचण खरी असते, हा दुसरा. 'साठ दोन' हे बासष्टपर्यंत पोहोचवणारी पायरी म्हणून वापरता येते. पायरी चढून गेल्यावर बासष्ट म्हणायचेच असते.

पाठांतराचे काय?

'आमच्या वेळी तीसपर्यंतचे पाढे मुखोद्गत असत. पावकी, निमकी, पाऊणकीही येत असे', असे ज्येष्ठांकडून नेहमी ऐकू येते. ते खोटे नाही. परंतु त्या पाठांतराला बाजाराचा आधार होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते; शेर, मण ही मापेही दहाच्या पटीत नव्हती. पाव, अर्धा, पाऊण यांचा हिशेब तोंडी करावाच लागे आणि मूल तो दुकानात रोज पाहत असे. अर्थ आधीच ठाऊक होता; पाठांतराने वेग आला.

पाठांतर आजही हवेच. पाढे जिभेवर असले की पुढचा गुणाकार-भागाकार सुकर होतो. प्रश्न क्रमाचा आहे. अर्थ कळण्याआधी केलेली घोकंपट्टी पहिलीत लपून जाते आणि तिसरीत उघडी पडते. ४२ मधून १७ वजा करायला सांगितल्यावर ३५ असे उत्तर लिहिणारी मुले पाहावीत. त्यांनी सातातून दोन काढले, चारातून एक काढला. मोठ्यातून लहान वजा करायचे, हे त्यांनी पाठ केलेले असते. गठ्ठे हाताळलेले मूल वेगळा विचार करते : सुट्या काड्या दोनच आहेत, सात द्यायच्या आहेत, तेव्हा एक गठ्ठा सोडू. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन उरले. उत्तर पंचवीस. 'हातचा' या गूढ शब्दामागे दहा काड्यांचा एक गठ्ठा आहे, हे त्याला ठाऊक असते.

या साध्या वजाबाकीवर पुढे किती अवलंबून आहे, याची कल्पना 'असर' या ग्रामीण सर्वेक्षणावरून येते. २०२४ च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागात तिसरीतील ३३.७ टक्के मुलांनाच किमान अशी दोन अंकी वजाबाकी करता आली. केंद्राने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या, दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे उद्दिष्ट ठरवले आहे. ते गाठण्याचा मार्ग बासष्टवरूनच जातो. तेथे अडखळलेले मूल पुढे 'मला गणित येत नाही' असे स्वतःच्या मनाशी ठरवून टाकते आणि हा समज पुसणे भल्याभल्या शिक्षकांनाही जड जाते.

अर्थात काड्या-मण्यांनी शिकवायला प्रत्येक मुलाजवळ बसावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले आहे, ते याचसाठी. वर्गात पन्नास-साठ मुले असतील तर कोणत्या मुलाने २६ का लिहिले, हे शोधायला बाईंना वेळ मिळणार नाही. पालकसभेत गृहपाठाच्या जोडीने पटसंख्येचाही प्रश्न विचारला जायला हवा.

घरी काय करता येईल?

पालकांनी यासाठी वेगळी शिकवणी लावण्याची गरज नाही. भाजी घेताना बासष्ट रुपये मुलाला मोजायला द्यावेत : दहाच्या सहा नोटा आणि दोन सुटे. बसचा क्रमांक, घराचा क्रमांक, दिनदर्शिका मोठ्याने वाचून घ्यावी. सापशिडीचा पट तर शंभर घरांची आयती संख्यापट्टीच आहे. 'आता तू अठ्ठेचाळीसवर आहेस, पन्नासला किती हवेत?' या प्रश्नात मोठे गणित आहे. मुलाने संख्या उलटी लिहिली तर रागावण्याऐवजी 'गठ्ठे किती, सुटे किती?' एवढेच विचारावे. बहुतेक वेळा ते स्वतःच खोडून दुरुस्त करील.

आणि शाळेतून आलेल्या मुलाची वही कोरी दिसली, तर 'आज काय लिहिले?' याऐवजी 'आज काय मोजले?' असे विचारून पाहावे. त्या उत्तरावरून मुलाच्या प्रगतीचा अंदाज वहीपेक्षा अधिक नेमका येईल.