हिब्रू चित्रपट ऐकताना

ज्यू चित्रपट महोत्सवात हिब्रू चित्रपट दाखवणार म्हटले की पुष्कळांना वाटते, धर्मग्रंथातल्या कथा पडद्यावर येणार. प्रत्यक्षात हे महोत्सव ज्यू समाजाच्या जगण्याविषयीचे, अनेक भाषांतले चित्रपट दाखवतात. सॅन फ्रान्सिस्कोचा १९८० साली सुरू झालेला महोत्सव त्यांत सर्वांत जुना मानला जातो. हिब्रू चित्रपट तेथे येतात ते मुख्यतः इस्रायलमधून. ते नुसते पाहून भागत नाही, ऐकावेही लागतात. त्यासाठी हिब्रूची हकिकत ठाऊक हवी.

शतकानुशतके ही भाषा प्रार्थनेत आणि ग्रंथांत होती. घरात ती कोणी बोलत नव्हते. एलिएझर बेन येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आले. पुढल्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा त्याच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. मुलाशी बोलायचे तर रोजच्या वस्तूंना शब्द हवेत. आइस्क्रीमपासून शब्दकोशापर्यंत कितीतरी शब्द त्यांनी नव्याने घडवले. १९४८ साली इस्रायल स्थापन झाले. देशोदेशींची माणसे तेथे आली आणि शाळेत, सैन्यात, कचेरीत हिब्रू शिकू लागली.

जालन्याच्या माणसाला यात फारसे नवल वाटू नये. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. घरी मराठी आणि शाळेत उर्दू, अशी एक पिढी येथे वाढली. आपल्याकडे उर्दू दरबारातून आली. तेथे हिब्रू लोकांनी हौसेने स्वीकारली. पण त्या हौसेत अनेक घरांतली आजीची भाषा नातवंडांना परकी झाली.

हिब्रू चित्रपटांत ही ओढाताण वारंवार दिसते. १९६४ चा ‘सल्लाह शबाती’ पाहा. पूर्वेकडच्या देशातून आलेले एक मोठे कुटुंब निर्वासितांच्या छावणीत अडकते आणि घरासाठी सरकारी कारभाराशी झगडते, ही त्याची विनोदी कथा. ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला इस्रायली चित्रपट. दिग्दर्शक एफ्राइम किशोन स्वतः हंगेरीतून आलेले. हिब्रू ते मोठेपणी शिकले. २००७ च्या ‘द बँड्स व्हिजिट’मध्ये इजिप्तच्या पोलिसांचे वाद्यपथक चुकून वाळवंटातल्या आडगावी पोचते. पाहुण्यांची भाषा अरबी, यजमानांची हिब्रू. म्हणून दोघे मोडक्या इंग्रजीत बोलतात. निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत असल्याने परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर स्पर्धेतून तो बाद झाला.

या कहाणीत मराठीही आहे. कोकणातले बेने इस्राएल शेकडो वर्षे मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. ‘आलम आरा’चे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर याच समाजाचे, ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहमही. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तेथे विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली गेली. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ साली इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले.

आव्ही नेशर यांचा २००४ चा ‘टर्न लेफ्ट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’ हा चित्रपट त्या काळानंतरचा, १९६८ मधला. वाळवंटातल्या वसाहतीत मोरोक्कोचे कुटुंब आणि भारताचे कुटुंब शेजारी राहतात. भारतीय मंडळी तेथेही क्रिकेट खेळतात. वडिलांची भूमिका आपल्या परमीत सेठींनी केली आहे. या कुटुंबाचे आडनाव तळकर. त्यातला ‘कर’ मराठी कानाला लगेच ओळखू येतो.

असा चित्रपट पाहताना एवढे लक्षात ठेवावे : आई मुलाला कोणत्या भाषेत रागावते आणि मूल कोणत्या भाषेत उत्तर देते? त्या घराची अर्धी गोष्ट तेथे कळते. अडचण एकच. पडद्यावरच्या तळओळी बहुधा इंग्रजी असतात. पुण्यात १८७४ साली बेने इस्राएलांनी वल्हांडण सणाची पोथी छापली, तिच्यात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर होते. जे त्यांना शिळाप्रेसवर साधले, ते आज संगणकावर अवघड नाही. आपल्याकडच्या चित्रपट मंडळांनी वर्षाला एखाद्या हिब्रू चित्रपटाला मराठी तळओळी द्याव्यात. मग जालन्याच्या प्रेक्षकालाही तो समजून पाहता येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)